गादी एक, दावेदार अनेक : मध्ययुगीन डेन्मार्कची भाऊबंदकी

२५ जून ११७०. डेन्मार्कच्या झीलंड बेटावर रिंगस्टेड नावाचं गाव आहे. तिथल्या मठाच्या चर्चमध्ये त्या दिवशी दोन विधी झाले. पहिला एका मृत माणसासाठी होता. एकोणचाळीस वर्षांपूर्वी चुलतभावाच्या हातून मारला गेलेला राजपुत्र क्नूड लावार्ड याच्या अस्थी थडग्यातून वर काढल्या गेल्या आणि संताचे अवशेष म्हणून त्यांची प्रतिष्ठापना झाली. दुसरा विधी एका लहान मुलासाठी होता. त्याच क्नूडचा सात वर्षांचा नातू, त्याचंही नाव क्नूड. त्याच्या डोक्यावर लुंडचा आर्चबिशप एस्किल याने मुकुट ठेवला. मुलाचे वडील, राजा पहिला वाल्देमार, समोर उभे होते. ते धडधाकट होते आणि पुढे आणखी बारा वर्षं राज्य करणार होते.

बाप गादीवर असताना मुलाला राज्याभिषेक कशासाठी? आणि तोही आजोबांच्या अस्थींच्या साक्षीने का? या दोन प्रश्नांमागे सव्वीस वर्षांचा रक्तपात आहे. त्या काळात डेन्मार्कचे जे पाच राजे मेले, त्यांपैकी चौघांना ठार मारण्यात आलं होतं. पाचवा मठात जाऊन मेला. रिंगस्टेडचा तो दिवस म्हणजे हे चक्र थांबवण्यासाठी फार विचारपूर्वक केलेला उपाय होता.

कायदा नव्हता, प्रघात होता

राजा गेला की थोरला मुलगा गादीवर बसतो, ही कल्पना आपल्याला इतकी सवयीची आहे की ती जगात सगळीकडे आणि कायमच होती असं वाटतं. अकराव्या-बाराव्या शतकातल्या डेन्मार्कमध्ये तसं नव्हतं. राजा होण्यासाठी दोनच गोष्टी लागत. माणूस राजघराण्याच्या रक्ताचा असावा आणि लोकसभेने त्याला राजा म्हणून स्वीकारावं. या सभांना 'थिंग' म्हणत. जटलंडची मोठी सभा व्हिबोर्गला भरे, झीलंडची रिंगस्टेडला, आणि आज स्वीडनमध्ये असलेल्या स्कॉने प्रांताची लुंडला. व्हिबोर्गला आधी जयघोष व्हावा, मग नव्या राजाने बाकीच्या सभांपुढे जावं, असा साधारण रिवाज होता. पण प्रत्येक प्रांताची सभा स्वतंत्र होती. एका प्रांताने एकाला निवडलं आणि दुसऱ्याने दुसऱ्याला, तर दोघांमध्ये खरा कोण हे सांगणारी वरची सत्ता नव्हती.

रक्ताची अटही सैल होती. मूल औरस की अनौरस याला फारसं महत्त्व नव्हतं. आईकडून आलेला हक्कही चालून जाई. स्वेन एस्ट्रिडसेन हा राजा तर वडिलांऐवजी आईच्या, एस्ट्रिडच्या, नावाने ओळखला जातो. कारण एस्ट्रिड ही इंग्लंड आणि डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या कॅन्यूटची बहीण होती आणि स्वेनचा दावा तिच्यामार्फतच आला होता. हा स्वेन १०७६ मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे डझनभराहून अधिक मुलगे होते, आणि त्यांतले बहुतेक विवाहबाह्य संबंधांतून झालेले. त्यांतले पाच जण एकामागून एक राजे झाले : हाराल्ड, क्नूड, ओलुफ, एरिक आणि नील्स.

भावामागून भाऊ अशी ही पाळी वरवर पाहता सोयीची होती. गादीवर नेहमी कर्ता पुरुष येई, अज्ञान मुलाच्या नावाने कारभार चालवायची वेळ येत नसे. तरीही या पिढीत रक्त सांडलंच. या पाचांतला दुसरा भाऊ, चौथा क्नूड, याला १० जुलै १०८६ रोजी बंडखोरांनी ओडेन्सेच्या चर्चमध्ये गाठून मारलं. पंधरा वर्षांनी, ११०१ मध्ये, चर्चने त्याला संत ठरवलं. मारला गेलेला राजा संत होऊ शकतो आणि संताच्या घराण्याला वेगळं तेज येतं, हा धडा डेन्मार्कला तिथे मिळाला. पुढे तो कामाला येणार होता.

खरी अडचण पुढच्या पिढीत होती. पाच भावांची पाळी संपली की कुणाचा मुलगा? सर्वांत थोरल्या भावाचा, शेवटी राज्य केलेल्याचा, की सर्वांत कर्तबगार असेल त्याचा? प्रघाताकडे याचं उत्तर नव्हतं. आपल्याकडे सामाईक जमिनीवर चुलते-पुतणे आमनेसामने येतात, तसंच हे होतं. फक्त इथे जमीन म्हणजे अख्खं राज्य होतं आणि वाटणी होत नव्हती.

हाराल्डस्टेडचं जंगल

पाचवा भाऊ नील्स ११०४ मध्ये राजा झाला आणि तीस वर्षं टिकला. त्याला मॅग्नस नावाचा मुलगा होता. पण लोकांचे डोळे होते पुतण्यावर, क्नूड लावार्डवर. हा नील्सच्या आधीचा राजा एरिक याचा मुलगा. एरिक यात्रेसाठी जेरुसलेमकडे निघाला होता आणि ११०३ मध्ये वाटेत सायप्रसला वारला. त्या वेळी क्नूड लहान होता, म्हणून गादी काकाकडे गेली. मोठेपणी क्नूडला डेन्मार्कची दक्षिण सीमा, श्लेस्विग, सांभाळायला मिळाली. 'लावार्ड' म्हणजे धनी, मालक. त्याने सीमेवर शिस्त आणली, व्यापाऱ्यांना संरक्षण दिलं, आणि पलीकडच्या स्लाव लोकांच्या एका राज्याचं अधिपत्यही मिळवलं. त्याची बायको इंगेबोर्ग ही कीव्हच्या राजघराण्यातली.

नील्सचा मुलगा आणि नील्सचा कर्तबगार पुतण्या : दोघांच्या रक्तात फरक नव्हता आणि कुणाला आधी पाळी हे सांगणारा नियम नव्हता. अशा वेळी नील्स म्हातारा होत गेला तसतसा क्नूडचा प्रत्येक पराक्रम मॅग्नसला स्वतःवरचं संकट वाटू लागला असेल, तर त्यात नवल नाही. ७ जानेवारी ११३१ रोजी रिंगस्टेडजवळच्या हाराल्डस्टेडच्या जंगलात मॅग्नसने क्नूडला भेटीला बोलावलं आणि ठार केलं.

बरोबर एक आठवड्याने, १४ जानेवारीला, इंगेबोर्गला मुलगा झाला. तिने त्याचं नाव आपल्या आजोबांवरून, कीव्हच्या व्लादिमीर मोनोमाखवरून ठेवलं. डॅनिश उच्चारात ते झालं वाल्देमार. एकोणचाळीस वर्षांनी रिंगस्टेडच्या चर्चमध्ये उभा असलेला राजा तो हाच.

फोटेविक ते मठाचं दार

क्नूडच्या खुनाचा बदला घ्यायला त्याचा सावत्र भाऊ एरिक पुढे आला. तीन वर्षं युद्ध चाललं. ४ जून ११३४ रोजी स्कॉनेच्या किनाऱ्यावर फोटेविक इथे नील्सचं सैन्य जहाजांतून उतरत असताना एरिकने हल्ला केला. त्याच्याबरोबर तीनशेच्या आसपास जर्मन घोडेस्वार होते. अवजड चिलखती घोडदळ उत्तरेकडच्या या देशांत तोवर अनोळखी होतं. मॅग्नस मारला गेला. त्याच्या बाजूने आलेले पाच बिशपही पडले. वृद्ध नील्स जीव वाचवून श्लेस्विगला पोचला. पण ते क्नूड लावार्डचं गाव होतं. तिथल्या व्यापाऱ्यांचा संघ क्नूडला आपला पाठीराखा मानत असे. २५ जूनला शहरातल्या लोकांनी नील्सला ठार केलं. रिंगस्टेडच्या विधीची तारीखही २५ जूनच, छत्तीस वर्षांनंतरची.

एरिक राजा झाला आणि त्याने भाऊबंदकीचा प्रश्न भयंकर पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला. त्याचा भाऊ हाराल्ड विरोधी पक्षात होता. एरिकने त्याला आणि त्याच्या मुलांना मारलं. ओलुफ नावाचा एकच मुलगा निसटला आणि पुढे तोही स्कॉनेमध्ये स्वतःला राजा म्हणवून लढला. दावेदार मारून दावे संपत नाहीत, हे एरिकला दिसायला हवं होतं. ११३७ मध्ये भर सभेत एका सरदाराने एरिकचाच जीव घेतला.

आता पेच असा की राजघराण्यातली पुढची तिन्ही मुलं अजून लहान होती : मेलेल्या एरिकचा अनौरस मुलगा स्वेन, मॅग्नसचा मुलगा क्नूड आणि क्नूड लावार्डचा सहा वर्षांचा वाल्देमार. म्हणून एरिकच्या बहिणीचा मुलगा, दुसरा एक एरिक, राजा झाला. त्याला 'लाम' म्हणजे कोकरू असं टोपणनाव मिळालं. नऊ वर्षांनी, ११४६ मध्ये, त्याने आपण होऊन राज्य सोडलं, ओडेन्सेच्या मठात गेला आणि त्याच वर्षी वारला. यानंतर स्वेच्छेने पायउतार होणारा डॅनिश राज्यकर्ता पाहायला जवळजवळ नऊशे वर्षं जावी लागली. १४ जानेवारी २०२४ रोजी राणी दुसरी मार्ग्रेथे पदावरून बाजूला झाली, तेव्हा बातम्यांमध्ये या कोकरू एरिकची आठवण निघाली.

तीन चुलतभाऊ

एरिक गेला आणि इतकी वर्षं टाळलेला प्रश्न समोर आला. झीलंड आणि स्कॉनेने स्वेनला राजा केलं. जटलंडने मॅग्नसच्या मुलाला, क्नूडला. वाल्देमार वयाने सर्वांत लहान. तो आधी स्वेनच्या बाजूने राहिला. नीट पाहिलं तर हाराल्डस्टेडच्या जंगलातले मारणारे, मरणारे आणि बदला घेणारे यांचीच ही पुढची पिढी होती.

११५२ मध्ये जर्मन राजा फ्रेडरिक बार्बारोसा याने मर्सेबुर्ग इथे निवाडा केला. स्वेन राजा राहावा, पण फ्रेडरिकचा मांडलिक म्हणून, क्नूडला राज्यात जहागीर मिळावी, वाल्देमारला श्लेस्विग. घरात भांडण लागलं की शेजाऱ्याला ओट्यावर बसून न्याय सांगायची संधी मिळते. डेन्मार्कने या निवाड्याची किंमत मांडलिकत्वाने मोजली, आणि तंटा मात्र मिटला नाही. वाल्देमार बाजू बदलून क्नूडकडे गेला, क्नूडच्या सावत्र बहिणीशी, सोफियाशी, त्याचा वाङ्निश्चय झाला आणि ११५४ मध्ये स्वेनला देश सोडावा लागला. ११५७ मध्ये तो जर्मन मदत घेऊन परतला. तेव्हा तिघांनी राज्य वाटून घ्यायचं ठरवलं : वाल्देमारला जटलंड, क्नूडला झीलंड, स्वेनला स्कॉने.

हा तह साजरा करायला ९ ऑगस्ट ११५७ रोजी रोस्किल्डमध्ये मेजवानी झाली. संध्याकाळी स्वेन दालनातून उठून गेला आणि थोड्याच वेळात हत्यारबंद माणसं आत शिरली. क्नूडच्या डोक्यात घाव बसला आणि तो जागीच गेला. वाल्देमारने अंगरखा हाताभोवती गुंडाळून वार अडवले, मांडीला जखम झाली, पण दिवे विझले आणि तो अंधारात निसटला. त्याच्या बालपणीचा सोबती अब्सालोन तिथेच होता. त्याने जमिनीवर पडलेल्याला आपला मित्र समजून मांडीवर घेतलं, आणि तो क्नूड आहे हे त्याला नंतर कळलं. वाल्देमार जटलंडला पोचला. सोफियाशी लग्न करून त्याने मेलेल्या क्नूडचे अनुयायी आपल्याकडे वळवले. व्हिबोर्गच्या सभेपुढे त्याची जखम हाच त्याचा पुरावा होता. २३ ऑक्टोबरला ग्राथेच्या माळावर लढाई झाली. स्वेन हरला आणि पळताना मारला गेला.

ही हकीकत आपल्याला मुख्यतः साक्सो या इतिहासकाराकडून कळते. हॅम्लेटची मूळ कथा ज्या ग्रंथात आहे, तो लॅटिन ग्रंथ याचाच. पण साक्सोने लिहायला घेतलं ते अब्सालोनच्या सांगण्यावरून, आणि अब्सालोन तोवर वाल्देमारचा उजवा हात, रोस्किल्डचा बिशप आणि पुढे लुंडचा आर्चबिशप झाला होता. म्हणजे मेजवानीच्या रात्रीची कथा आपण जिंकलेल्या बाजूच्या तोंडून ऐकतो. स्वेनच्या बाजूने लिहिणारा कुणी उरला नाही. क्नूडचा खून झाला हे निर्विवाद; दालनात कोण काय बोललं आणि कुणी दिवा विझवला, याबद्दल वाचकाने सावध असावं. वारसाहक्काच्या लढाईत गादीबरोबर इतिहास सांगायचा अधिकारही जिंकणाऱ्याकडे जातो.

अस्थी आणि मुकुट

आता रिंगस्टेडच्या त्या दिवसाकडे परत जाऊ. वाल्देमार एकटा उरला म्हणून राजा झाला होता. त्याच्या हक्कात काय कमी होतं? त्याचे वडील कधी राजा नव्हते. ते राजाचे पुत्र होते, इतकंच. शिवाय घराण्यातल्या इतर शाखा अजून जिवंत होत्या आणि त्यांतला कुणीही उद्या कुठल्याही सभेपुढे उभा राहू शकत होता.

पहिला उपाय वडिलांना संत करणं. पोप तिसरा अलेक्झांडर याने ११६९ मध्ये क्नूड लावार्डच्या संतपदाला मान्यता दिली. त्या काळी पोपपदावरही दोन दावेदार होते. वाल्देमार आधी सम्राटाच्या बाजूच्या पोपला मानत होता, नंतर तो अलेक्झांडरकडे वळला आणि वाल्देमारवर रागावून परदेशी गेलेला आर्चबिशप एस्किलही परत आला. संतपदाने चित्र पालटलं. जो माणूस कधी राजा झाला नाही, तो आता राजांपेक्षा वर गेला. त्याचा वंश साध्या राजपुत्राचा न राहता संताचा झाला, आणि त्याला मारणाऱ्याच्या वंशावर कायमचा डाग लागला.

दुसरा उपाय मुकुट. डेन्मार्कमध्ये ज्याची खात्रीने नोंद आहे असा हा पहिला राज्याभिषेक. बाप हयात असतानाच मुलाला अभिषेक करून ठेवला, तर बापाच्या मृत्यूनंतर गादी क्षणभरही रिकामी पडत नाही. निवडायला काही उरतच नाही. राजा आधीच आहे. फ्रान्सच्या राजघराण्याने हाच मार्ग पिढ्यान् पिढ्या वापरला होता. सभेचा जयघोष तसाच राहिला, पण त्याच्या आधी चर्चचं तेल आणि मुकुट आला. सभा उद्या मन बदलू शकते. अभिषेक झालेल्या राजाला उतरवणं मात्र त्या काळच्या माणसाला पाप वाटे.

उपाय लागू पडला. ११८२ मध्ये वाल्देमार वारला तेव्हा सहावा क्नूड बारा वर्षांपासून राजा होताच. स्कॉनेमध्ये एक बंड झालं, ते मोडलं गेलं. ११९२ मध्ये रोस्किल्डला मारल्या गेलेल्या क्नूडचा मुलगा, बिशप वाल्देमार, गादीवर हक्क सांगत आला. मेजवानीच्या त्या रात्रीचा हिशेब पस्तीस वर्षांनीही मिटला नव्हता. त्याला पकडून अनेक वर्षं कैदेत ठेवलं गेलं. १२०२ मध्ये सहावा क्नूड मूल न होता वारला आणि त्याचा भाऊ दुसरा वाल्देमार शांतपणे गादीवर आला.

धाकट्यांचं काय?

पण या उपायात एक भगदाड राहिलं. थोरल्याचं ठरलं, धाकट्यांचं काय? त्यांना मोठमोठ्या जहागिऱ्या दिल्या जात, आणि त्यांतली सर्वांत मोठी श्लेस्विग. जी जहागीर क्नूड लावार्डच्या मोठेपणाचं आणि मरणाचं कारण झाली, तीच. सीमेवरचा प्रांत, हाताशी सैन्य, पलीकडे जर्मन सोयरे : तिथे बसलेला धाकटा भाऊ अर्धा राजाच असे.

दुसऱ्या वाल्देमारने थोरल्या मुलाला अभिषेक केला. तो १२३१ मध्ये शिकारीत मेला. मग दुसऱ्या मुलाला, एरिकला, केला. आबेल या पुढच्या मुलाला श्लेस्विग दिलं. १२४१ मध्ये बाप गेला आणि दोघे भाऊ लगेच भांडू लागले. ऑगस्ट १२५० मध्ये एरिक श्लेस्विगला आबेलचा पाहुणा होता. रात्री त्याला होडीतून श्लाय खाडीत नेऊन ठार केलं आणि प्रेत साखळ्या बांधून पाण्यात टाकलं. आबेलने चोवीस सरदारांसह शपथ घेतली की यात आपला हात नाही, आणि तो राजा झाला. बायबलमध्ये काइन भावाला मारतो आणि आबेल मरतो. इथे नावं आणि कर्मं उलटी झाली, हे तेव्हाच्या लोकांच्या नजरेतून सुटलं नाही. दोन वर्षांनी फ्रिसियन लोकांविरुद्धच्या मोहिमेत आबेल मारला गेला. त्याचा मुलगा परदेशात कैदेत होता, म्हणून गादी तिसरा भाऊ क्रिस्टोफरकडे गेली. आबेलच्या वंशजांनी श्लेस्विग धरून ठेवलं आणि राजा आणि ड्यूक यांचा तंटा पिढ्यान् पिढ्या चालू राहिला.

पुढचा उपाय सरदारांनी शोधला, आणि तो कागदावरचा होता. १२८२ मध्ये क्रिस्टोफरचा मुलगा एरिक क्लिपिंग याच्याकडून त्यांनी सनद लिहून घेतली : दरवर्षी राजसभा भरेल, कायदेशीर निकालाशिवाय कुणाला डांबलं जाणार नाही. चार वर्षांनी, २२ नोव्हेंबर १२८६ च्या रात्री, जटलंडमधल्या फिनडेरुपच्या कोठारात याच राजाचा खून झाला. पण सनदेची कल्पना टिकली. १३२० पासून राजा निवडताना अशी सनद घेणं हा रिवाजच झाला. राजा निवडता येत असेल तर त्याच्याकडून अटीही मान्य करून घेता येतात, हे सरदारांना कळलं होतं. त्याची दुसरी बाजूही दिसली : १३३२ ते १३४० या काळात देश होल्स्टाइनच्या सावकार सरदारांकडे गहाण पडला होता आणि डेन्मार्कला राजाच नव्हता.

घरधनी मार्ग्रेथे

१३७५ मध्ये चौथा वाल्देमार वारला तेव्हा मुलगा नव्हता. दोन मुलींची मुलं होती. थोरल्या मुलीचा मुलगा मेक्लेनबुर्गचा, धाकट्या मार्ग्रेथेचा मुलगा ओलुफ नॉर्वेच्या राजाचा. थोरलेपणाचा नियम असता तर पहिला राजा झाला असता. सरदारांनी १३७६ मध्ये पाच वर्षांच्या ओलुफला निवडलं आणि कारभार मार्ग्रेथेने पाहिला. १३८७ मध्ये ओलुफ सोळाव्या वर्षी अचानक वारला. आठवड्याभरात लुंडच्या सभेने मार्ग्रेथेलाच राज्य दिलं. पण स्वतःच्या हक्काने राज्य करणाऱ्या स्त्रीला काय म्हणायचं, हे परंपरेत नव्हतं. मग तिला जो किताब दिला, त्याचा अर्थ होतो : सर्वाधिकारी स्वामिनी, घरधनी आणि साऱ्या राज्याची पालक. नियम जिथे थिटा पडला तिथे भाषेने वाट काढली. या बाईने १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका मुकुटाखाली आणले. १४०२ मध्ये 'मीच ओलुफ' म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याला जाळून मारलं गेलं.

राज्य पूर्णपणे वंशपरंपरागत व्हायला १६६० उजाडलं आणि वारसाचा क्रम तपशिलात लिहिला गेला तो १६६५ च्या राजकायद्यात. मुलींना गादीचा हक्क १९५३ मध्ये मिळाला, तोही भाऊ नसेल तर. २००९ च्या सार्वमताने तो भावांच्या बरोबरीचा झाला.

रिंगस्टेडचं विटांचं चर्च आजही उभं आहे. तिथल्या फरशीत राजांच्या कबरी ओळीने आहेत. श्लाय खाडीतून निघालेला एरिकही नंतर तिथे आणला गेला. आबेल त्या ओळीत नाही. पहिल्या वाल्देमारच्या थडग्यात शिशाचा एक पत्रा सापडला. त्यावर लॅटिनमध्ये त्याचे पराक्रम कोरलेले आहेत आणि त्याला देश सोडवणारा, शांतता राखणारा म्हटलं आहे. वडिलांची ओळख दिली आहे ती 'संत क्नूड' अशी. रोस्किल्डची रात्र आणि ग्राथेचा माळ यांचा त्यावर उल्लेख नाही. थडग्यात ठेवलेला, कुणी वाचणार नाही असा तो पत्रा. पण तिथेही मुलाच्या नावाशेजारी बापाचं संतपद लिहून ठेवावंसं वाटलं. सव्वीस वर्षं ज्यांनी नियमावाचून काढली, त्यांना हक्क किती ठिकाणी कोरून ठेवावा लागतो हे कळलेलं होतं.